गोळीची उन्हाळी सुटी

आचल टरबूज खात होती म्हणून आधी कोणाला कळलंच नाही. एप्रिल संपत आला होता. अकोटात दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसावा असं ऊन. नऊ वर्षांची आचल कूलरसमोर बसली होती. हनुवटी, बोटं, फ्रॉकचा गळा, सगळं लाल झालेलं. दुर्गाबाई फडकं घेऊन नातीचं तोंड पुसायला आल्या तेव्हा त्यांना दिसलं की फडक्याला लागलेला लाल रंग टरबुजाचा नाही.

"घोळणा फुटला वो माय! मान मागं नको टाकू. खाली पाह्य. हां, अशी."

त्यांनी डोक्यावर ओला पंचा ठेवला, कांदा फोडून नाकाशी धरला, धण्याचं पाणी पाजलं. हळूहळू रक्त थांबलं. एवढ्या घाबरल्या होत्या, पण त्यांनी आचलचा दंड पकडला नाही की तिला छातीशी आवळलं नाही. आचलला आवळायची त्या घरात कोणालाच मुभा नव्हती.

तिची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. दुसऱ्या लेकराला जिथं नुसतं खरचटतं तिथं आचलचं हाड मोडायचं. शाळेत बाकावरून उतरताना मांडी मोडली. गेल्या दिवाळीत दुर्गाबाईंनीच तिला काखेत हात घालून पलंगावर उचललं, तर डावा दंड मोडला. तो बारीकसा आवाज अजून त्यांच्या कानातून गेला नव्हता. त्या दिवशी सून, हर्षा, रडत रडत म्हणाली होती, "पुन्हा असं काही झालं ना आई, तर मी हिला भातकुलीला माझ्या आईकडे नेऊन ठेवीन." नंतर ती हे कधी बोलली नाही. पण बोललेलं मागेही घेतलं नाही.

दुर्गाबाईंचा मुलगा कुलदीप एसटीत ड्रायव्हर. आज इथं तर उद्या मुक्कामी गाडीवर. हर्षा बाजार समितीत कॉम्प्युटरवर बसायची, सकाळी नऊला जायची ती दिवेलागणीला परतायची. म्हणजे दिवसभर आजी आणि नात. पोरीला उचलणं, आंघोळ, जेवण, पाय दुखले तर गोष्ट सांगणं, सगळं दुर्गाबाईंचं. दिवसातून दोनदा गोळी देणंही त्यांचंच.

अकोल्याच्या डॉक्टर रागिणी मॅडम आचलला दर सहा महिन्यांनी हाडांचं औषध सलाइनमधून देत. ते सुरू झाल्यापासून मोडणं पुष्कळ कमी झालं होतं. दिवाळीतला दंड सोडला तर काही नाही. पण त्या सलाइनच्या जोडीला रोज कॅल्शियमच्या गोळ्या चघळायच्या, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काहून, ते सांगितलं असेल तर दुर्गाबाईंच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांच्या लक्षात एवढंच होतं की गुडघ्यांसाठी त्यांना कोणी अशाच गोळ्या दिल्या होत्या, तेव्हा त्यांचं तोंड आलं होतं, तळपायांची आग झाली होती, आणि गोळ्या सोडल्यावर ते थांबलं होतं. गोळी गरम होती. तेवढं शिकायला शाळेत जावं लागत नाही.

हर्षा संध्याकाळी आली तसं त्यांनी सांगितलं. "पोरीचा घोळणा फुटला आज. त्या गोळ्या गरम पडून राहिल्या तिले. उन्हाळाभर बंद ठेवू."

हर्षा चप्पल काढत होती. दिवसभराच्या कामानं तिचं डोकं दुखत होतं. "आई, गोळी काय लोणचं आहे का गरम पडायला?"

"मले पडली होती ना."

"तुम्ही डॉक्टर आहात का? हिची हाडं मोडायची थांबली ती कोणाच्या ऐकण्यानं? मॅडमच्याच ना?" ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "आणि घोळणा काय, या उन्हात कोणाचाही फुटतो."

दुर्गाबाईंनी फडकं धुवायला घेतलं. सुनेसमोर आता त्या बहुतेक वेळा गप्पच बसत. दंड मोडल्यापासून त्यांचा आवाज त्या घरात बसल्यासारखा झाला होता.

दोनतीन दिवसांनी घोळणा पुन्हा फुटला. या वेळी रक्त बराच वेळ थांबेना. ते थांबल्यावर आचल पांढरी पडून झोपली आणि दुर्गाबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. चार वाजता त्यांनी पाकिटातून गोळी काढली, थोडा वेळ तळहातावर ठेवली, मागच्या अंगणात गेल्या आणि गोडनिंबाच्या कुंडीत बोटानं खोल दाबून टाकली. पाकीट रिकामं दिसलं पाहिजे. नाहीतर हर्षा विचारील.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आचलनं आपणहून हात पुढे केला. "आजी, गोळी?"

"गोळीले उन्हाळ्याची सुटी."

आचलला हसू आलं. "शाळेसारखी?"

"शाळेसारखीच. शाळा उघडली का गोळी उघडंन."

"मम्मीले माहीत हाये?"

दुर्गाबाई कैऱ्या चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मम्मी दमून येते. तिले काहून तरास द्या?"

"तिनं इचारलं तर?"

"इचारलं तर हो म्हणजो."

"हो खाल्ली, असं?"

"हो. असं."

मे महिना सरला. घोळणा पुन्हा फुटला नाही. कुलदीपनं खिडकीला वाळ्याची ताटी लावून दिली होती आणि दुर्गाबाई ती दिवसभर ओली ठेवत होत्या, पण घोळणा त्यामुळे थांबला असेल हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना गोळीचंच कारण पटलं होतं. हर्षा रोज येऊन विचारायची, "दिली?" आणि त्या म्हणायच्या, "देल्ली." पहिले काही दिवस म्हटल्यावर त्या लगेच दुसऱ्या कामाला लागायच्या. मग तेही थांबलं.

महिनाअखेरीला आचलच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. "आजी, पाय कोणी पिळून राहिलं," ती म्हणायची. दुर्गाबाई कोमट कपड्यानं शेकत, पण चोळत नसत. दिवसभर घरात बसून, घाम जाऊन होत असेल, असं त्यांना वाटलं. लिंबाचं सरबत सुरू केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याला जायचं होतं. एसटी ड्रायव्हरच्या पोरीला एसटीत बसायची बंदी होती; खड्ड्यांचा हिसका तिला सोसणार नव्हता. म्हणून शेजारच्या ललितची गाडी सांगितली. मागच्या सीटवर गादी, गादीवर उश्या, मध्ये आचल, एका बाजूला हर्षा, दुसऱ्या बाजूला दुर्गाबाई.

ललित इतकी सावकाश गाडी चालवत होता की आचलला राहवेना. "ललितकाका, ते सायकलवालं पुढं गेलं."

"जाऊ दे. त्याले घाई हाये. आपल्या गाडीत काच हाये, खोक्यावर लिहिलं असते ना, सांभाळून घ्या."

"मी काच हाये?"

"तू कसची काच वो, तू तर तोंडानं खलबत्ता हाये."

आचल खळखळून हसली, आणि मध्येच थांबली. बोटं एकमेकांवर घासायला लागली. "आजी, बोटाले मुंग्या येऊन राहिल्या. ओठाले पण."

"हात दबला असंन," दुर्गाबाई म्हणाल्या आणि तिचा हात उशीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला. हात दबलेला नव्हता. तो मोकळाच पडला होता.

दवाखान्यात रागिणी मॅडमनी आचलला पाहिल्याबरोबर टाळी वाजवली. "अरे वा, उंची वाढली! आता वर बघावं लागेल मला."

"खोटं बोलून राहिल्या तुमी," आचल म्हणाली.

"थोडंसं." मॅडम हसल्या. एप्रिलच्या मध्यात अकोटलाच केलेली रक्ततपासणी हर्षानं फोनवर पाठवली होती. मॅडमनी ती पुन्हा उघडून पाहिली. "कॅल्शियम छान आहे. गोळ्या चालू आहेत ना?"

"रोज दोन," हर्षा म्हणाली. "एकही दिवस चुकला नाही. आई देतात."

"मग आज पुन्हा रक्तासाठी सुई टोचत नाही हिला. एकच सुई, सलाइनची."

आचलनं हुश्श केलं. दुर्गाबाई भिंतीशी बसल्या होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे पाहून कौतुकानं मान हलवली आणि दुर्गाबाईंनीही हलवली.

सीमा सिस्टरनं आचलच्या हाताला सुई लावली. आधी साधं सलाइन सुरू केलं, शीर नीट चालते का पाहायला. हाडांच्या औषधाची बाटली अजून शेजारच्या टेबलावर होती. आचलचे डोळे भरले होते, म्हणून मॅडम तिच्या खाटेवर टेकल्या.

"रडायचं असेल तर रड. नाहीतर मी तुला या बाटलीत काय आहे ते सांगते."

"काय हाये?"

"आधी सांग, हाड कशाचं असतं?"

"दगडासारखं."

"नाही. दगड वाढतो का? तुझं हाड वाढतं. ते जिवंत असतं. त्याच्यात दिवसरात्र दोन गडी कामाला असतात. एक जुनं हाड खणून काढतो, दुसरा त्या जागी नवीन भरतो."

"खणते काहून? चांगलं असलं तरी?"

"त्याची दोन कारणं. एक म्हणजे जुनं झालेलं काढावंच लागतं. दुसरं नंतर सांगते. तर तुझ्या हाडात काय झालंय, भरणाऱ्या गड्याचं काम जरा कच्चं आहे आणि खणणारा मात्र सपाटून खणतो. मग हाड पातळ राहतं. या बाटलीतलं औषध त्या खणणाऱ्याला म्हणतं, बस बाबा थोडा."

"किती दिवस बसते?"

"सहा महिने."

"आणि मजुरी?"

सीमा सिस्टर हसायला लागली. मॅडमही हसल्या. "मजुरीचं तू त्यालाच विचार. आता ते दुसरं कारण. तो खणतो ना, तेव्हा हाडातून कॅल्शियम निघतं, ते रक्तात जातं. आणि रक्ताला ते लागतंच. हात हलवायला लागतं, छातीत धडधड होते तिच्यासाठी लागतं. आता आपण खणणाऱ्याला तर बसवलं. मग रक्तानं कॅल्शियम कुठून आणायचं? विचार कर. घाई नाही."

आचल छताकडे पाहत राहिली. प्रश्न विचारला की ती अशीच पाहत असे, आणि तिला वेळ दिला की उत्तर हमखास यायचं. दुर्गाबाईंना ते माहीत होतं. यावेळी उत्तर येऊ नये असं त्यांना वाटलं.

"बाहेरून," आचल म्हणाली.

"शाब्बास! बाहेरून म्हणजे कुठून?"

आचलचा आवाज बारीक झाला. "गोळीतून."

"बरोबर. म्हणून तुला रोज चघळायला लावते. कोणी नाही खाल्ली आणि वरून हे औषध घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं. हाताला मुंग्या येतात, बोटं आखडतात, झटकेसुद्धा येतात. पण तुला कशाला भीती? तू तर रोज खातेस. खातेस ना?"

आचलनं आजीकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिनं मॅडमकडे तोंड वळवलं आणि अगदी मोकळं हसून म्हणाली, "हो. रोज."

किती चांगलं जमलं तिला ते. याच पोरीनं एकदा साखर सांडली तेव्हा कोणी विचारायच्या आत रडत येऊन सांगितलं होतं. आज तिला मुंग्या येत होत्या, मुंग्या म्हणजे काय ते तिला आत्ताच कळलं होतं, आणि तरी ती आजीसाठी हसत होती.

मॅडम तिचा गाल थोपटून दुसऱ्या खोलीत गेल्या. सिस्टरनं टेबलावरची बाटली उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं, झाकण काढायला लागली. हर्षा आचलच्या पायांवर चादर नीट करत होती.

दुर्गाबाईंच्या मनात भातकुलीचं घर आलं. विहिणीचं ते पुढचं अंगण, तिथं खाटेवर आचल, आणि अकोटच्या घरात दुपारचा नुसता कूलरचा आवाज. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. घरी गेल्या गेल्या गोळ्या सुरू करू, दोनाच्या चार देऊ. मागच्या वेळी औषध घेतल्यावर एक दिवस तापच तर आला होता, दुसरं काय झालं?

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "समजा, एखाद्या लेकरानं दोनचार दिवस गोळी नसंन खाल्ली तर?"

"दोनचार दिवसांनी काही होत नाही, आजी."

"आणि जास्त दिवस असले तर?"

"महिनाभर वगैरे खाल्ली नसेल तर आपण हे लावतच नाही. धोका असतो ना." सिस्टर बाटली उलटी करून नळी जोडायला लागली. "पण तुमचं कुठं तसं आहे?"

"तसंच हाये," दुर्गाबाई म्हणाल्या. "लावू नका ते."

सिस्टरचा हात थांबला.

"आई, काय बोलून राहिल्या तुम्ही?" हर्षानं विचारलं.

"मी गोळी देल्ली नाई तिले. घोळणा दुसऱ्यांदा फुटला तवापासून. एकही नाई."

"पण पाकिटं तर संपत होती. मी नवीन आणली ना."

"कुंडीत टाकली."

हर्षा ओरडली नाही. तिनं हळूच खाटेचा गज धरला, जणू तिलाच आता कोणी हिसका दिला होता. "मी रोज विचारत होते तुम्हाला," ती म्हणाली. "रोज."

"मम्मी, उन्हाळ्याची सुटी होती," आचल घाईनं म्हणाली. "आजीनं मुद्दाम नाई केलं. गोळीले सुटी होती."

सिस्टर मॅडमना बोलवायला धावली. मॅडम आल्या. त्यांनी आधी कोणालाच काही विचारलं नाही. आचलच्या कानाच्या पुढे, गालावर, बोटानं दोनतीनदा अलगद टिचक्या मारल्या. प्रत्येक टिचकीला आचलच्या ओठाचा कोपरा आपोआप उडत होता. आचलला गंमत वाटली. तिथं दुसऱ्या कोणालाच वाटली नाही; कॅल्शियम कमी पडलं की ओठ असा उडतो, मॅडम सिस्टरला म्हणाल्या. लगेच रक्त पाठवलं, छातीला तारा लावून हृदयाचा कागद काढला. रक्ताचं उत्तर यायला जेवणाची वेळ उलटली. कॅल्शियम बरंच खाली गेलं होतं.

"आज हाडांचं औषध द्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "कॅल्शियम शिरेतून हळूहळू देऊ, आजचा दिवस इथंच ठेवू. मग गोळ्या नियमित झाल्या की महिन्याभरानं बघू." मग त्या दुर्गाबाईंकडे वळल्या. "आजी, हे औषध आज गेलं असतं तर उद्या-परवा घरी झटका आला असता. झटक्यात हिची हाडं कुठं कुठं मोडली असती ते मी सांगत नाही. आणि मीसुद्धा आज रक्त तपासायला हवं होतं. सुई वाचवायला गेले."

दुर्गाबाई उभ्याच होत्या. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"पण बंद का केल्या?"

"गरम पडून राहिल्या होत्या तिले."

"गरम म्हणजे? नेमकं काय होत होतं?"

"घोळणा फुटे."

"घोळणा कोरड्या हवेनं फुटला असेल. गोळीनं नाही फुटत. नाकात थोडं तूप लावलं असतं तरी भागलं असतं." मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण दमलेला होता. "मला एक फोन का नाही केला?"

"तुमी हासल्या असत्या."

"हसले असते कदाचित," मॅडम म्हणाल्या. "पण सांगितलंही असतं."

दुपारभर आचलच्या शिरेतून कॅल्शियम थेंब थेंब जात राहिलं आणि शेजारचं यंत्र तिच्या छातीचे ठोके मोजत राहिलं. मुंग्या गेल्या. ती झोपली. हर्षा खाटेच्या त्या बाजूला बसली, दुर्गाबाई या बाजूला. कुलदीपचा फोन आला तेव्हा हर्षा बाहेर जाऊन बोलली. त्यानं आईला फोन दे म्हटलं नाही. की म्हटलं आणि हर्षानं दिला नाही, ते दुर्गाबाईंनी विचारलं नाही.

ऊन उतरल्यावर हर्षा म्हणाली, "बाहेर या जरा."

वऱ्हांड्यात पेशंटच्या नातेवाइकांनी डबे उघडले होते. हर्षा कठड्याला टेकली. "तुम्ही मला सांगितलं तेव्हा मी लोणचं म्हणाले. थट्टा केली. ते माझं चुकलं."

"तू दमली होती."

"माझं बोलून होऊ द्या. दिवाळीत दंड मोडला, मी तुम्हाला टाकून बोलले. पण तो अपघात होता, ते मला तेव्हाही कळत होतं. हा अपघात नाही, आई. तुम्ही रोज माझ्या तोंडाकडे पाहून 'दिली' म्हणाल्या. आणि माझ्या पोरीला पण तेच शिकवलं. ती मॅडमसमोर कशी बोलली, पाहिलं ना?"

"पाहिलं. म्हणूनच..."

"म्हणूनच सांगितलं, माहीत आहे मला. ते नसतं सांगितलं तर..." हर्षानं वाक्य सोडून दिलं. "मी तिला भातकुलीला नेते. सकाळी इथूनच. माझी आठ दिवसांची रजा टाकली. पुढचं माझे आई-बाबा पाहतील, मी दर शनिवारी जाईन."

दुर्गाबाईंनी दुपारभर मनात पुष्कळ जुळवलं होतं. एकदा माफ कर, तू म्हणशीन तशी राहतो, गोळी तुह्यासमोर देतो. त्यातलं काही बाहेर आलं नाही. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

जेवणाच्या डब्यांचा वास येत होता. कोणीतरी कोणाला लोणचं वाढत होतं.

"तुह्या आईले उचलता येते का तिले?" दुर्गाबाईंनी विचारलं.

हर्षाच्या आईनं आचलला आजवर उचललं नव्हतं. भीतीनं हातच लावला नव्हता.

"तिले दाखवावं लागंन. सांगून नाई समजत ते. मलेही दंड मोडल्यावरच समजलं."

"मी दाखवीन."

"तू घाईनं उचलते. मानेखालचा हात तुहा उशिरा जाते. नेहमीच."

हर्षाच्या चेहऱ्यावर राग आला, पण तो तिथं टिकला नाही. ते खरं होतं.

सकाळी दवाखान्यातून सुटी मिळायच्या आधी हर्षानं खाटेसमोर उभं राहून फोनचा कॅमेरा सुरू केला. दुर्गाबाईंनी पदर खोचला. फोनकडे कसं पाहायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्या आचलकडेच पाहून बोलायला लागल्या.

"विहीणबाई, हे पाहा. काखेत हात घालायचा नाई. कधीच नाई. हात धरून ओढायची नाई. हा हात ढुंगणाखाली, पंजा पुरा उघडा, बोटं नाई रोवायची. हा दुसरा मानेखालून पाठीवर. घाई नाई. आधी तिले सांगायचं, उचलतो म्हणून. ते 'हं' म्हणंन. ते 'हं' म्हटल्याबिगर उचलायचं नाई."

"हं," आचल म्हणाली.

"आणि मंग दोन्ही हात एकावेळी वर. पिठाची परात उचलतो ना, तशी. तिच्याकडून नाई काही जोर लावायचा, आपणच वाकायचं. गुडघे दुखतात, दुखू द्या." त्या आचलला उचलून उभ्या राहिल्या. थोडा श्वास लागला होता. "ठेवताना आधी पाय नाई, आधी बूड. मंग पाठ. मंग डोकं. अन् कपडे बदलताना बाही आधी मोडलेल्या डाव्या हातात, काढताना शेवटी. हे उलटं होते माणसाकडून. याद ठेवजा."

हर्षानं कॅमेरा बंद केला नाही. दुर्गाबाई थांबल्यावरही थोडा वेळ तो सुरूच होता.

"अन् गोळी," दुर्गाबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, ते सांगायचा आपल्याला काही अधिकार राहिला नाही. पण फोन सुरू होता आणि हर्षानं तो खाली घेतला नव्हता. "गोळी जेवल्यावर. चघळून. तिनं चघळलेली आपल्या डोळ्यानं पाहायची. कोणी काही म्हणो, बंद नाई करायची. काही वाटलं तर मॅडमले फोन लावायचा. हासल्या तर हासू द्यायचं."

ललितनं गाडी दारात आणली. भातकुलीला जायचं म्हणजे आधी अमरावती गाठायची, रस्ता लांबचा, त्यानं उश्या वाढवल्या होत्या. आज तो काही विनोद करत नव्हता. दुर्गाबाईंनी आचलला सीटवर ठेवलं, आधी बूड, मग पाठ, मग डोकं. हर्षा औषधं घ्यायला खिडकीशी गेली होती.

"आजी, तू कोणत्या गाडीनं येशीन?"

"मी अकोटले चालली. एसटीनं."

"मंग मांगून येशीन?"

"तुही मम्मी बलावंन तवा."

आचल चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळत राहिली. "मी खोटं बोलली म्हणून मम्मी रागावली का?"

"नाई. मी रागावण्यासारखं केलं म्हणून." दुर्गाबाई दारातच वाकून उभ्या होत्या. "आचल, आईक. मी तुले 'हो म्हणजो' म्हटलं होतं ना? ते मी चुकीचं शिकवलं. पुढं कोणी इचारलं तर जे झालं असंन ते सांगजो. माह्यावर आलं तरी सांगजो. ते मी शिकवलेलं पुसून टाक."

आचल गाडीच्या छताकडे पाहत राहिली. दुर्गाबाई थांबल्या. तिला वेळ द्यायची त्यांना सवय होती.

"आजी, मी वहीत जोरात लिहिते ना," आचल म्हणाली, "तवा पुसलं तरी उमटलेलं दिसते. मागच्या पानावर पण."

दुर्गाबाईंनी तिच्या पायांजवळची उशी नीट केली. हर्षा औषधांची पिशवी घेऊन आली, पलीकडच्या बाजूनं आत बसली आणि तिनं आचलचं डोकं मांडीवर घेतलं. मानेखालचा हात या वेळी आधी गेला. तिनं दुर्गाबाईंकडे पाहिलं. ललितनं गाडी सुरू केली. दुर्गाबाईंनी दोन्ही हातांनी दार धरलं आणि धक्का लागू नये म्हणून अगदी हळू लावलं. ते नीट लागलं नाही. त्यांना ते पुन्हा उघडून लावावं लागलं.